करंगळी

आईचा अंगठा लागला नाही. रेशन दुकानातल्या त्या छोट्या मशीनच्या काचेवर तिने उजवा अंगठा टेकवला, मशीनने नाही म्हटलं. पदराला पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा नाही. “काकी, जरा दाबून धरा,” दुकानदार म्हणाला. मग म्हणाला, “एवढा जोर नको.” डावा अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. मागे पिशव्या घेऊन आठ-दहा माणसं उभी होती, पण कुणी कुरकुरलं नाही. काजूच्या कारखान्यात राबलेली बाई पुढे आली की वेळ लागतो, हे आमच्याकडच्या रांगेला ठाऊक असतं. दुकानदारही चिडला नाही, त्याने ओला फडका पुढे केला. तरीही नाही. शेवटी आईने स्वतःहूनच डाव्या हाताची करंगळी काचेवर ठेवली. मशीन ‘पीं’ वाजलं आणि पावती सरसरत बाहेर आली. आई माझ्याकडे वळून हसली आणि म्हणाली, “ह्याच एक बोट काजीत गेला नाय गो.”

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. मला हसू आलं नाही. तांदळाची पिशवी स्कूटरवर पायाशी ठेवून घरी निघाले. मार्च महिना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बोंडूंचा सडा, ऊन लागून आंबलेला त्यांचा गोड वास नाकात बसलेला. मागे आई खांद्यावर हात ठेवून बसली होती आणि कुणाच्या तरी शिमग्याच्या गोष्टी सांगत होती. माझ्या डोक्यात मात्र एक आकडा फिरत होता. त्या मशीनच्या मागे कुठेतरी एक आकडा असतो. ठसा तेवढा जुळला तर माणूस तोच, त्याच्या खाली आला तर तो नव्हेच. बोटावरची रेषा कुठे संपते आणि कुठे फुटून दोन होतात, अशा खुणा ते मशीन मोजतं, आणि आईच्या अंगठ्यावर मोजण्याजोग्या खुणाच फारशा उरलेल्या नाहीत. तो आकडा कुणीतरी ठरवलेला असणार. एखाद्या स्वच्छ खोलीत, स्वच्छ बोटं काचेवर ठेवून बघत, माझ्यासारख्याच कुणीतरी. मला हे इतकं लागलं त्याचं कारण असं, की दोनच दिवसांपूर्वी घरापासून बारा किलोमीटरवरच्या एका काजू कारखान्यात मी स्वतः तसाच एक आकडा ठरवून आले होते.

आईची बोटं मी लहानपणापासून बघत आले आहे. काजूचं कवच फोडलं की त्याच्या आतल्या जाळीदार थरातून काळपट तेल सुटतं. ते कातडीला लागलं की कातडी जळते, काळी पडते, मग पापुद्रे निघतात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत हे मला फार उशिरा कळलं. आंब्याच्या देठाचा चीक तोंडाला लागून उठलेला फोड, बिब्बा उतणं आणि आईची बोटं, या तिन्हींचं मूळ एक आहे. ती कामाला बसण्याआधी हातांना तेल चोपडायची आणि त्यावर चुलीतली राख फासायची. हातमोजे मिळाले होते, पण ते घातले की बी हाताला लागत नाही म्हणायची, आणि पैसे किलोवर होते. मोजे घालून दिवसाला निम्मे गरसुद्धा निघत नसत. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी तिच्याकडे जायची. लांबलचक पडवीसारखी शेड, मंगलोरी कौलं, आणि एका ओळीत लाकडी बाकांना बसवलेली ती फोडणीची मशिनं. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये बसवायची, उजव्या हाताचा दांडा आणि पायाखालचं पेडल यांनी पाती आवळून कवच फाकवायचं, आणि टोकदार आकड्याने गर अलगद बाहेर काढायचा. पंचवीस-तीस पाय एका वेळी दाबले जायचे. त्या आवाजाला ताल नव्हता, पण ऐकत बसलं की आपोआप ताल लागायचा.

अख्खा निघालेला गर आणि फुटून पाकळी झालेला गर यांच्या भावात बरंच अंतर असतं. त्यामुळे किती दाबायचं, हा त्या बाकावरचा सगळ्यात मोठा प्रश्न. गावठी बी बारीक आणि वाकडी, वेंगुर्ला संशोधन केंद्राच्या जातींची बी टपोरी. कुठली नीट वाफवलेली, कुठली कमी, कुठली वाळून गर आत सुटा झालेला. आई बी पात्यात ठेवायच्या आधी अंगठ्याने तिच्यावरून एकदाच फिरवायची. तेवढ्या वेळात तिला काय कळायचं ते तिला विचारलं तर सांगता यायचं नाही. “कळता,” एवढंच म्हणायची.

दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आम्हाला यंत्रांच्या गतीचा विषय आला. चार दांड्यांची साखळी, त्यातला एक स्थिर, एक फिरवला की उरलेले कसे हलतात. सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि मला समोर आईचं पेडल दिसलं. तीच ती साखळी. तिचं मशीन मी वहीच्या मागच्या पानावर काढलं, लांब्या अंदाजाने घातल्या, आणि पायाने किती जोर लावला की पात्यावर किती येतो हे काढून बघितलं. साठजणांच्या वर्गात आम्ही मुली चौघी होतो. वर्कशॉपमध्ये लेथवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा शिकवणाऱ्या काकांनी माझे हात बघून विचारलं होतं, “जमेल ना?” मला त्या वेळी काय बोलावं सुचलं नव्हतं. ते आईचे हात विचारात न घेता माझे बघत होते, एवढंच वाटलं. माझ्या चारही वर्षांच्या फीमधला मोठा वाटा किलोवर मोजून आलेला आहे. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत मी शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागले. मुलाखतीत थर्मोडायनॅमिक्सची तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमध्ये फरक काय? कंट्रोल पॅनलमध्ये चोवीस व्होल्टच का वापरतात? एअर सिलिंडर किती वेगाने पुढे जाईल हे कशावर ठरतं? पहिल्या दोन प्रश्नांना मी “माहीत नाही, पण शिकेन” म्हटलं. तिसरं येत होतं. घेतलं त्यांनी. गावात “रोबोटिक्समध्ये आहे” म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर माणसासारखं चालणारं काहीतरी येतं. पहिले चार महिने मी वायरच्या टोकांना फेरूल म्हणजे धातूच्या बारीक टोप्या दाबल्या, प्रत्येक वायरला नंबर घातला, सेन्सर धरायच्या पट्ट्यांची ड्रॉइंग काढली आणि त्या पट्ट्या दोन मिलिमीटर चुकीच्या निघाल्या म्हणून पुन्हा काढली. नुकत्याच पास झालेल्या मेकॅनिकलच्या मुलांना मी एवढंच सांगेन, की हे दिवस वाया जात नाहीत. रोबो स्वतः पुन्हापुन्हा एकाच जागी मिलिमीटरच्या काही शतांश भागाच्या आत येऊन थांबतो. मात्र त्याच्या मनगटाला आपण वस्तू पकडणारा जो ग्रिपर लावतो त्याची पट्टी लवलवती असेल तर त्या अचूकपणाचा काही उपयोग नाही. ती पट्टी आपली असते. तिचं वजन, गुरुत्वमध्य, ती वेगात वळताना किती ओढते, हे सगळं आपल्याच विषयातलं. इलेक्ट्रिकलवाले मित्र प्रोग्राममध्ये चूक शोधत होते तेव्हा बोल्ट ढिला आहे हे मला आवाजावरून कळलं होतं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे चुकून आलेले नाही.

पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक, शिकताना त्याची लॅडर नावाची आकृत्यांची लिपी बघून मला बरं वाटलं होतं. १९६९ साली अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या साथीदारांनी पहिला पीएलसी मोटारींच्या कारखान्याला दिला तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता तो रिलेंनी, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांनी, भरलेल्या मोठमोठ्या कपाटांचा. गाडीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उसकटायची. त्यांनी वायरिंग बदलून प्रोग्राम आणला, पण त्याची लिपी मात्र रिलेच्या जुन्या आकृत्यांसारखीच ठेवली, म्हणजे कारखान्यातल्या वायरमनला ती वाचता यावी. मला हे फार मोठं वाटतं. समोर कोण उभं राहून हे वाचणार आहे, याचा विचार त्यांनी यंत्र बनवतानाच केला.

आणि पेंडंटचं ते बटण. रोबोला शिकवताना हातात जो टीच पेंडंट धरतात त्याच्या पाठीमागे बोटांखाली एक बटण असतं. ते अर्धवट दाबून धरलं तरच रोबो हलतो. सोडलं तर थांबतो, हे कुणालाही सुचेल. पण घट्ट आवळलं तरीही थांबतो. कारण माणूस घाबरला की कधी हातातलं टाकून देतो आणि कधी मुठीत आवळून धरतो, आणि आपण त्यातलं काय करू हे कुणालाच आधी सांगता येत नाही. मी आवळणाऱ्यांतली निघाले. दुसऱ्याच दिवशी हात माझ्या दिशेने आला, शिकवण्याच्या मोडमध्ये तो सेकंदाला अडीचशे मिलिमीटरच्या वर जात नाही, म्हणजे हळूच येत होता, तरी माझी मूठ घट्ट झाली आणि तो जागीच थांबला. त्या रात्री मी बराच वेळ त्या बटणाचा विचार करत होते. ज्याने ते पहिल्यांदा बनवलं त्याने घाबरलेला हात जवळून बघितलेला असणार.

जानेवारीत ऑफिसात एक नवं काम आलं. सिंधुदुर्गातला एक काजू कारखाना, पॅकिंग विभाग. व्हॅक्यूम केलेली पाकिटं पट्ट्यावरून येणार, वरून कॅमेरा प्रत्येकाचं सील तपासणार, नापास पाकीट बाजूच्या क्रेटमध्ये ढकललं जाणार, आणि पास झालेलं रोबो उचलून खोक्यात ठेवणार. मी लगेच हात वर केला. माझ्याकडे पहिलं काम आलं ते प्रस्तावातला तक्ता भरायचं. किती वर्षांत पैसे वसूल होतील, त्याचा तो तक्ता. त्यात एक रकाना होता, मनुष्यबळ बचत. मी तिथे चार लिहिलं. लिहिताना मला काहीही वाटलं नाही हे मला इथे कबूल करायचं आहे. चार हा तेव्हा आकडाच होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही साइटवर आलो. आंबोली उतरताना पहाटेचं धुकं होतं, आणि खाली आल्यावर तो गरम, दमट, ओळखीचा वास. सिनिअर सर सावंतवाडीत लॉजवर राहिले, मी घरी. रोज सकाळी आई डबा द्यायची आणि रात्री विचारायची, “तुजो हात काय म्हणता?” रोबोला ती पहिल्या दिवसापासून हातच म्हणते.

हाताचं काही ठीक चाललेलं नव्हतं. पुण्यात आमच्या शेडमध्ये पन्नास पाकिटांवर सगळं तपासून आलो होतो. इथे दर पंधरा-वीस पाकिटांमागे एक मधूनच सुटून खाली पडायचं. व्हॅक्यूम केलेलं पाकीट काजूच्या अंगासरशी आवळलेलं असतं, सगळ्या पृष्ठभागावर सुरकुत्या. त्यावर रबराचा सक्शन कप नीट बसत नाही. आम्ही घडीचे, मऊ कप आणले होतेच, ते आणखी मऊ लावले, जागा बदलली, वेग कमी केला. तरी पडायचंच, आणि पडण्याला काही नेम नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर निघून गेल्यावर मी एकटीच हवेच्या दाबाच्या रेग्युलेटरसमोर उलट्या क्रेटवर बसले. नुसती काट्याकडे बघत. सहा बार. सहा बार. मग भिंतीपलीकडे फुस्सकन आवाज व्हायचा आणि काटा साडेचारावर यायचा. पुन्हा हळूहळू सहा. पलीकडे सोलणीचं मशीन होतं, हवेच्या झोताने गरावरचा पापुद्रा उडवणारं, त्याच कॉम्प्रेसरवर जोडलेलं. ते हवा ओढून घ्यायचं त्याच क्षणी माझा हात पाकीट घेऊन वर असला तर ओढ कमी पडायची, कारण आमचं व्हॅक्यूमही त्याच हवेच्या झोतातून तयार होत होतं. काजूचा पापुद्रा उडत होता म्हणून काजूचं पाकीट पडत होतं. दुसऱ्या दिवशी वेगळी टाकी, परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह, आणि दाब पाचाच्या खाली गेला तर रोबोने थांबायचं, एवढं केलं आणि पडणं बंद झालं. सर म्हणाले, “छान शोधलंस.” त्या वाक्यावर मी दोन दिवस जगले.

पण मला सांगायचं आहे ते कॅमेऱ्याबद्दल.

कॅमेरा प्रत्येक पाकिटाच्या सीलला शंभरपैकी गुण देतो. किती गुणांना पास करायचं ते मी ठरवलं होतं, पंच्याऐंशी. पुण्यात ट्यूबलाइटखाली चांगली पाकिटं नव्वदच्या वर आणि खराब साठच्या खाली येत होती, मध्ये भरपूर जागा होती, म्हणून पंच्याऐंशी. इथे सकाळी सगळं व्यवस्थित चालायचं. मी नापास पाकिटांच्या क्रेटकडे अधूनमधून बघत होते, त्यात फार काही नसायचं, त्यामुळे मी खूश होते. पॅकिंगच्या चौघीजणी अजून कामावर होत्या, चाचणी संपेपर्यंत रोबोच्या जोडीने हाताने भरत होत्या. त्यांतली एक, माझ्या आईच्या वयाची, त्या क्रेटजवळ बसायची. चौथ्या दिवशी दुपारी मला दिसलं की ती क्रेटमधून पाकीट उचलते, सीलवरून अंगठा फिरवते, आणि उठून पट्ट्याच्या सुरुवातीला परत ठेवते. एक नाही, मिनिटाला दोन-तीन. मी जवळ जाऊन विचारलं, मावशी, हे काय करताय? ती जराशी गडबडली, आपण काही चुकीचं करत होतो की काय असं तिच्या चेहऱ्यावर आलं. म्हणाली, “पाकीट बरा आसा गो. मशीनीक दिसना नाय.”

तिसऱ्या दिवसापासून ती हे करत होती. पश्चिमेकडच्या खिडकीतून दुपारनंतर उन्हाचा पट्टा थेट पट्ट्यावर पडायचा, सुरकुत्या चमकायच्या, आणि चांगली पाकिटं ऐंशी-ब्याऐंशीवर येऊन नापास व्हायची. माझी चूक ती उचलून परत जागेवर ठेवत होती, म्हणून क्रेट रिकामं होतं, म्हणून मला सगळं ठीक वाटत होतं. मी कॅमेऱ्याभोवती काळ्या पत्र्याचं खोकं करून घेतलं, आत स्वतःचा दिवा लावला, आणि तिथली, त्या कारखान्यातली, सुरकुतलेली दोनशे पाकिटं घेऊन नवा आकडा काढला. अठ्ठ्याहत्तर. त्या दोनशे पाकिटांचं चांगलं-वाईट ठरवायला मी तिलाच बसवलं. कॅमेऱ्याला आज जे कळतं ते तिच्या अंगठ्याने सांगितलेलं आहे. प्रोग्राममध्ये ते कुठेही लिहिलेलं नाही. मी शेरा म्हणून एक ओळ टाकली होती, ती नंतर फाइल स्वच्छ करताना गेली.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी कारखान्याची वीज बंद होती म्हणून मी आईबरोबर रेशनला गेले.

मशीनला दिसत नव्हतं आणि तिथे परत उचलून ठेवणारं कुणी बसलेलं नव्हतं. दुकानदार होता, तो बिचारा फडका देत होता. ज्या मुलाने किंवा मुलीने तो आकडा ठरवला त्याच्यावर मी रागावू शकत नाही. त्यानेही त्याच्याकडची पन्नास बोटं बघूनच ठरवला असणार, आणि त्या पन्नासांत काजू फोडणारं एकही बोट नसणार. नव्या इंजिनिअरला वेग शिकवतात, अचूकपणा शिकवतात, सुरक्षा शिकवतात. मर्यादा कुठल्या नमुन्यावरून ठरवायची हे मात्र बहुतेक वेळा जो नमुना हाताशी असेल त्यावरून ठरतं. निदान माझ्याकडून तसंच ठरलं.

आईचं काम यंत्राने केलं असतं तर मला वाईट वाटलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे. उत्तर नाही असं आहे, आणि ते मी ठामपणे देते. १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, बसवला गेला तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायला. हात भाजणारं काम यंत्राने आधी घेतलं, हे मला रास्त वाटतं. काजू फोडणारी स्वयंचलित मशिनं आता आमच्याकडेही आली आहेत. ती बी आकाराप्रमाणे वेगळी करून मागतात, वाकडी गावठी बी त्यांना नीट जमत नाही, पाकळी जास्त पडते. ती सुधारावीत, लवकर सुधारावीत, आणि त्यातलं एखादं माझ्या हातून सुधारावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. कवचातलं ते काळं तेल ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि रंगांमध्ये वापरतात, मोटारींचे ब्रेक शिकताना मला ते कळलं होतं. कातडी जाळणारी वस्तू गाडी थांबवण्याच्या उपयोगी पडते. तिने कुणाच्या बोटातून जायलाच हवं असं नाही.

पण त्या चौघी काजू फोडत नव्हत्या. त्या पाकिटं खोक्यात ठेवत होत्या, पंख्याखाली, बोलत बोलत. त्यांचे हात चांगले होते. आमचं काम संपल्यावर त्यांतल्या दोघी प्रतवारीला गेल्या, दोघींना गरज पडली की बोलावू असं सांगितलं. अंगठ्याने सील तपासणारी ती मावशी बोलावू म्हटलेल्यांत आहे. निघायच्या आदल्या दिवशी ती वेंगुर्ल्याच्या बाजारात भेटली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने माझा दंड धरून विचारलं, “काम झाला मा तुजा? पडना नाय मा आता?” पडत नाही, मी म्हटलं. “बरा झाला,” म्हणाली, आणि तिच्या पिशवीतली कोकमं काढून माझ्या हातावर ठेवली. मी नंतर सरांना विचारलं की प्रस्तावात आपण ‘चार’ लिहितो तेव्हा त्या चौघी कुठे जातील हेही गिऱ्हाइकाला तिथेच विचारायला काय हरकत आहे. तो त्यांचा विषय आहे, सर म्हणाले. सर चांगले आहेत, मला त्यांच्याकडून खूप शिकायचं आहे. पण हे मला पटलेलं नाही. पुढच्या तक्त्यात मी तो रकाना एकटा ठेवणार नाही, त्याच्या शेजारी आणखी एक काढणार आहे, मग कुणी तो खोडला तर खोडू दे.

निघायच्या दिवशी संध्याकाळी मी आईला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ती मागच्या पडवीत विळीवर बांगडे कापायला बसली होती, हात माशांचे, म्हणून मी मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरला. रोबो वळला, खाली आला, पाकीट उचललं, खोक्यात ठेवलं, पुन्हा वळला. तिने दोन-तीन फेऱ्या नीट बघितल्या. “ह्येका बोटां खंय आसत?” मी रबराचे कप दाखवले. “झिजतत?” झिजतात, मी म्हटलं, मग बदलायचे, पाकिटात नवे मिळतात. तिने मान हलवली आणि पुढचा बांगडा उचलला. पुण्याची गाडी रात्री नवाची होती, माझी बॅग अजून भरायची होती, पण मी तिथेच उभी राहिले. उजव्या हाताने तिने मासा पात्यावर ओढला, डाव्या हाताच्या चार बोटांनी शेपटीकडून धरला. करंगळी तिने वर उचलून धरली होती, पात्यापासून लांब. इतकी वर्षं तिला मासे कापताना बघते आहे. असं धरलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.